मॅनक्रिकची बायको कुठे आहे?

डोक्यावर पिवळंधमक उद्गारचिन्ह घेऊन काही माणसं गेली वीसेक वर्षं एकाच जागी उभी आहेत. कुणी गावाच्या वेशीशी, कुणी खाणावळीच्या दारात, कुणी नुसतंच शेताच्या बांधावर. त्यांना रविवार नाही, दुपारची डुलकी नाही, पाय बदलून उभं राहण्याची सोयही बेताचीच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ २३ नोव्हेंबर २००४ रोजी सुरू झाला, तेव्हापासून या मंडळींना येणाऱ्या-जाणाऱ्याला काहीतरी सांगायचं आहे. एकीच्या भाजीच्या मळ्यात एक माजलेली डुकरीण शिरते. बर्नीसमावशींचा हार हरवलाय. त्याचा ठावठिकाणा शेजारच्या बिली नावाच्या पोराला ठाऊक आहे, पण पोटात मावशींच्या हातचा ‘पाय’ (मांस भरून भाजतात तो) पडल्याशिवाय हा पोरगा तोंड उघडायला तयार नाही. आणि मावशींनी पाय करायचा तर रानडुकराचं मांस हवं. म्हणजे हार मावशींचा, पाय मावशींच्याच हातचा, आणि मधली सगळी पायपीट आपली. आमच्या घराण्यातली निम्मी भांडणं याच धर्तीवर मिटलेली असल्यामुळे मला ही गोष्ट पहिल्याच भेटीत आवडली.

पण ती ऐकतो कोण? समोर येऊन उभा राहतो तो वीर नखशिखांत चिलखतात असतो, पाठीला त्याच्याहून लांब तलवार असते, आणि त्याला घाई असते. तो मावशींवर क्लिक करतो. मावशी सांगू लागतात. पूर्वी या खेळात मजकूर एकदम दिसत नसे. कागदावर शाई झिरपत जावी तशी अक्षरं सावकाश उमटत. लिहिणाऱ्यांचा हेतू सरळ होता, की माणसाने थांबावं, वाचावं, त्याच्या मनात थोडी कालवाकालव व्हावी. मग लोकांना एक सोय सापडली. सेटिंगमध्ये एका चौकोनात टिचकी मारली की सगळा मजकूर क्षणात हजर होई आणि त्याच क्षणी ‘स्वीकारलं’ म्हणून मोकळं होता येई. मावशींचं पहिलं वाक्य संपायच्या आत वीर वेशीबाहेर पडलेला असे. त्याला कळलेलं असे ते एवढंच: डुक्कर, मांस, चार तुकडे.

मावशी काही फार लांबण लावत होत्या असंही नाही. या खेळातल्या प्रत्येक कामगिरीच्या मजकुराला ५११ अक्षरांची मर्यादा होती. एवढ्या जागेत आपल्याकडे लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची नावंसुद्धा मावत नाहीत. तेवढ्यात त्या लेखकांना एखाद्याचं वैर, एखादीचं वैधव्य, कुणा राजाची हाव आणि शिवाय ‘उत्तरेच्या खाणीजवळ जा’ हा पत्ताही बसवायचा असे.

माझी आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची एकच अट असायची. हुंकार द्यायचा. वाक्य संपलं की अंधारातून कुणीतरी ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ आला नाही तर गोष्ट तिथेच थांबायची, राजपुत्र घोड्यावर अर्धवट चढलेला असला तरी. आम्ही भावंडं पाच, त्यामुळे हुंकाराची पाळी लावलेली असे, आणि ज्याची पाळी असेल तो बिचारा झोपेत शिरता शिरतासुद्धा ‘हं’ म्हणत राहायचा. आजीला ते कळायचं. ती मुद्दाम मध्येच म्हणायची, “मग राजाने राणीला तळून खाल्लं.” “हं,” म्हणायचा झोपेतला हुंकार. मग दिवा मालवला जायचा आणि उरलेलं राज्य दुसऱ्या रात्रीवर.

खेळातलं ‘स्वीकारलं’ हे बटण मला त्या झोपेतल्या हुंकारासारखं वाटतं. १ कोटी २० लाख माणसं पैसे भरून हा खेळ खेळत होती, ही गोष्ट २०१० सालच्या ऑक्टोबरातली. म्हणजे मोठ्या शहराएवढी वस्ती बर्नीसमावशींना ‘हं’ म्हणत होती आणि ऐकत मात्र नव्हती. राणीला तळून खाल्लं तरी चाललं असतं.

तरी सर्वांनाच झोप लागलेली असते असं म्हणवत नाही. या जातीच्या खेळांचे आद्य पुरुष दोन: रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल. १९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात त्यांनी ‘मड’ नावाचा खेळ रचला. त्यात चित्र नव्हतंच. नुसते शब्द. ‘तू एका अरुंद वाटेवर आहेस’ अशा छापाचं काहीतरी पडद्यावर यायचं आणि वाट ज्याची त्याने मनात आखायची. पुढे १९९६ साली बार्टलसाहेबांनी एक निबंध लिहून अशा खेळात रमणाऱ्यांचे चार प्रकार पाडले, पत्त्यांच्या चार रंगांसारखे: पराक्रम गाजवणारे, मुलूख धुंडाळणारे, गप्पा मारायला येणारे आणि दुसऱ्याला मारायला येणारे. वर्गीकरण फार चतुर आहे आणि अजून लोक ते वापरतात. माझी हळहळ एवढीच, की ज्या खेळाचा जन्म नुसत्या वाक्यांतून झाला त्याच्या पत्त्यांच्या कॅटात ‘पुढे काय झालं?’ असं विचारणाऱ्याचा एकही पत्ता नाही. धुंडाळणाऱ्यांत कुठेतरी चेंगरून बसला असेल, कॅटात जोकर बसतो तसा.

खरं तर या खेळांना गोष्टीची गरज भलतीच आहे, कारण गोष्ट काढून घेतली तर मागे उरते ती मोलमजुरी. दहा डुकरं मारा. बारा पिसं आणा. हे पत्र त्या गावच्या सरदाराला द्या. सरदार म्हणतो, बरं झालं आलास, हे दुसरं पत्र परत तिकडे ने. यावर एकच उतारा मला ठाऊक आहे, आणि तो वेताळाला फार पूर्वी सुचला होता. विक्रमाचं काम काय होतं? झाडापर्यंत जा, प्रेत उतरव, खांद्यावर घे, स्मशानात आण. तेच झाड, तीच वाट, तेच ओझं. पुन्हापुन्हा. याहून कंटाळवाणी कामगिरी आजवर कुठल्या कंपनीने काढलेली नाही. पण त्या ओझ्यालाच तोंड फुटलं आणि ते गोष्ट सांगू लागलं, तेव्हापासून गेली कित्येक शतकं आपण विक्रमाबरोबर त्या झाडाशी जातोय आणि कुणी कुरकूर केल्याचं ऐकिवात नाही.

वेताळाची अट मला त्याहून मोलाची वाटते. तोंड उघडलंस की मी परत झाडावर. म्हणजे विक्रमाला हुंकार द्यायचीसुद्धा बंदी. आणि हा शहाणा, न्यायी, पराक्रमी राजा चोवीस वेळा बोलतो. आपलं नुकसान समोर दिसत असताना, पायात गोळे आलेले असताना, ‘खरा नवरा कोणता?’ या प्रश्नावर त्याला गप्प बसवत नाही. गोष्ट चांगली आहे की नाही हे ओळखायला मी हीच खूण धरतो. ती ऐकणाऱ्याला तोट्यात घालते. खेळ मुळात नफ्याचा: गुण मिळवा, नाणी मिळवा, पातळी वाढवा. त्यात ज्या क्षणी शहाणासुरता माणूस फायद्याची वाट सोडून दुसरंच काही करू लागतो, तिथे गोष्ट लागली म्हणायचं.

मॅनक्रिकचं उदाहरण घ्या. ‘बॅरन्स’ नावाच्या उजाड, पिवळट, बाभळींच्या माळावर क्रॉसरोड्स नावाचं ठाणं आहे. तिथे हा मॅनक्रिक उभा असतो. हिरव्या कातडीचा, सुळे बाहेर आलेला, दांडगा ऑर्क. पाहताच रस्ता बदलावा असा. तो सांगतो की डुक्करतोंड्या टोळ्यांशी झालेल्या लढाईत आमची ताटातूट झाली. माझी बायको सापडत नाही. कुठे दिसली तर सांग. बस. ती दक्षिणेला कुठेतरी, रस्त्यापासून आत, मेलेली आहे. पण त्या काळी खेळाच्या नकाशावर असल्या ठिकाणांच्या खुणा नसत. ज्यांनी मजकूर वाचला नव्हता त्यांना माळभर हिंडावं लागे, आणि ज्यांनी वाचला होता त्यांनाही. मग माळावरच्या सामायिक गप्पांच्या खिडकीत प्रश्न यायचा: मॅनक्रिकची बायको कुठे आहे? कुणी उत्तर द्यायचं. पाच मिनिटांनी दुसरा यायचा: मॅनक्रिकची बायको कुठे आहे? दिवसा, रात्री, सणासुदीला. उत्तरं देणारे वैतागले, मग थट्टा करू लागले, मग थट्टेलाही कंटाळून पुन्हा निमूट पत्ता सांगू लागले.

पुढे डिसेंबर २००९ मध्ये नकाशावर खुणा आल्या. जिथे जायचं तिथे ठळक निशाण. वाचण्याचं काम संपलं आणि त्याचबरोबर विचारण्याचंही. आता ती बाई कुठे पडली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच कुणी तिचं नाव काढत नव्हतं. पण २०१९ साली कंपनीने जुना खेळ जसाच्या तसा ‘क्लासिक’ म्हणून पुन्हा उघडला तेव्हा माझी भाची रात्र रात्र त्या माळावर असायची आणि मी शेजारी खुर्ची ओढून बसायचो. मला स्वतःला खेळता येत नाही. मी खेळाचा प्रेक्षक आहे. तर पाहतो तो खिडकीत पुन्हा तीच ओळ. विचारणाऱ्यांतल्या बहुतेकांना उत्तर पंधरा वर्षांपासून पाठ होतं. “मग विचारतात कशाला?” मी म्हटलं. भाची माझ्याकडे न बघता म्हणाली, “विचारायचं असतं, मामा.” कीर्तनाला बसलेल्या म्हातारीला सीता कुठे आहे हे ठाऊक नसतं थोडंच. त्या रांगड्या ऑर्कच्या बायकोला खेळाच्या लेखकांनी सुरुवातीला नावही दिलेलं नव्हतं. ‘ओल्ग्रा’ हे नाव तिला नंतर मिळालं. तोवर हजारो अनोळखी लोक मोठ्याने हाका मारून तिला शोधून गेले होते. एवढी शोकसभा भल्याभल्यांच्या वाट्याला येत नाही.

गोष्ट जास्त झाली की काय होतं त्याचाही नमुना याच खेळात आहे. स्ट्रँगलथॉर्नच्या जंगलात हेमेट नेसिंगवारी नावाचा एक शिकारी तंबू ठोकून बसलेला असतो. (इंग्रजीत त्याच्या नावातली अक्षरं मागेपुढे केली की अर्नेस्ट हेमिंग्वे बाहेर येतो.) त्याचं शिकारकथांचं हस्तलिखित जंगलभर विखुरलंय. वाघ मारा, चेटक्या मारा, मिळेल ते मारा आणि त्यांच्याकडून एकेक पान गोळा करा. पानांचे आकडे सलग नाहीत. पहिलं मिळतं, मग चौथं, मग पुन्हा पहिलं, आणि सहावं काही केल्या मिळत नाही. प्रत्येक पान पिशवीत स्वतंत्र खण अडवतं. परिणाम असा की वीरांच्या पिशव्या साहित्याने ओसंडू लागल्या. औषधांना जागा नाही, सोन्याला जागा नाही, सगळीकडे सुटी पानं. लोक ती लिलावात विकू लागले; सहाव्या पानाला वेड्यासारखा भाव येई. एका पुस्तकासाठी इतकी माणसं जिवावर उदार झाली होती आणि त्यांतल्या फारच थोड्यांनी ते उघडून पाहिलं. जेफ कॅप्लन हे त्या खेळाच्या मुख्य रचनाकारांपैकी एक. २००९ साली एका परिषदेत त्यांनी सांगून टाकलं की ही खेळातली सर्वात वाईट कामगिरी, आणि ती रचणारे महाभाग आपणच. खेळात पुस्तकं लिहू नयेत, असंही त्यांचं म्हणणं पडलं. मला कॅप्लनसाहेबांबद्दल आदर आहे, पण या बाबतीत जरा असहमती आहे. पानं गोळा करून न वाचण्याची ही रीत आम्ही मराठी दिवाळी अंकांच्या बाबतीत शंभर वर्षं पाळत आलो आहोत, आणि अंक अजून निघतात.

मग कुणाला वाटलं, वाचत नाहीत ना? कानात ओतू. बायोवेअर कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’ आणला. त्यातलं प्रत्येक पात्र बोलतं. चौकीदारापासून राजपुत्रापर्यंत सगळे. दोन लाखांहून अधिक संवाद नटांकडून बोलवून घेतले होते आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. गोष्टी खरोखरच चांगल्या होत्या. त्यातल्या हेराच्या गोष्टीची तारीफ करणारे लोक अजून भेटतात. पण लोकांनी त्या एका दमात ऐकून टाकल्या आणि तोंड पुसून विचारलं, “पुढे?” पुढचं अजून लिहून, बोलून व्हायचं होतं. २०१२ च्या नोव्हेंबरात खेळ फुकट खुला करावा लागला. इतकं सगळं दुसऱ्यानेच बोलून टाकल्यावर ऐकणाऱ्याने ‘हं’ कुठे म्हणायचं, हा त्यातला खरा पेच असावा.

आमच्या आजीला हा पेच कधी पडला नाही. तिची चिमणी-कावळ्याची गोष्ट सगळ्यांच्या आजीचीच होती. पाऊस येतो, कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दारावर टकटक करतो, आणि चिमणी बाळाची कारणं सांगून दार उघडत नाही. एका पावसाळ्यात माझ्या सर्वात धाकट्या भावाने यावर हरकत घेतली. बाहेर खरंच धो धो कोसळत होतं. तो उठून बसला आणि म्हणाला, “दार उघड म्हणावं.” आजी म्हणाली, “गोष्ट तशी नाहीये रे.” “उघड म्हणावं!” त्याने हुंकार देणं बंद केलं. आम्ही बाकीचे, झोप येत असूनही, त्याच्या बाजूने संपावर गेलो. काही वेळ नुसती पागोळ्यांची धार ऐकू येत राहिली. मग आजीने चिमणीला दार उघडायला लावलं, कावळ्याला चुलीपाशी बसवलं, वर गरम भात वाढला.

‘ॲशेरॉन्स कॉल’ या १९९९ सालच्या खेळाच्या कर्त्यांवर हाच प्रसंग आला होता. तो खेळ दर महिन्याला गोष्टीचं नवं प्रकरण आणायचा. एक महाभयंकर दैत्य बंदिवासात आहे, त्याला जखडून ठेवणारे स्फटिक आहेत. ते खेळाडूंच्या हातून फुटले की तो सुटेल आणि पुढची गोष्ट सुरू होईल. सगळीकडे लोकांनी इमानेइतबारे स्फटिक फोडले. फोडणाऱ्याला फायदाही होता. पण थिसलडाऊन नावाच्या सर्व्हरवर काही जणांनी विचार केला, की अरे, हा सुटला तर जगाचा सत्यानाश होणार, आणि आपण तर या जगाचे रक्षक! ते शेवटच्या स्फटिकाभोवती कडं करून उभे राहिले. पाळ्या लावून. एकाला झोप आली की दुसरा यायचा. बाकीच्या दुनियेत गोष्ट पुढे गेली आणि इथे ती उंबरठ्यावर अडकली, कारण इथल्या लोकांना ती खरी वाटली होती. अखेर कर्त्यांनाच वेष पालटून खेळात उतरावं लागलं आणि स्वतःच्या गोष्टीच्या रक्षकांना हटवून स्फटिक फोडावा लागला. पुढे त्यांनी त्या रक्षकांच्या स्मरणार्थ खेळात एक स्मारक उभारलं. चांगली माणसं होती. आजी त्यांच्या जागी असती तर दैत्यालाही भात वाढून मोकळी झाली असती, पण तिच्या गोष्टीला महिन्याची वर्गणी नव्हती.

उलटपक्षी आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ २००३ पासून चालू आहे आणि त्यात लेखकांनी बरीचशी गोष्ट खेळणाऱ्यांवरच सोपवली आहे. अंतराळ आहे, जहाजं आहेत, तुमचं तुम्ही बघा. २०१४ च्या जानेवारीत तिथे एक महायुद्ध झालं. एकवीस तास. ‘टायटन’ नावाची सर्वात अवाढव्य ७५ जहाजं त्यात नष्ट झाली. त्याचं कारण काय असावं? सौंदर्य? सिंहासन? एका सूर्यमालेच्या मालकीचं बिल भरायचं राहून गेलं होतं. आपोआप पैसे जाण्याची सोय होती, ती ऐन वेळी लागू पडली नाही, मालकी सुटली, आणि टपून बसलेला शत्रू आत शिरला. वीजबिलाची शेवटची तारीख चुकवून धावतपळत रांगेत गेलेल्या कुणालाही या महाकाव्यातली करुणा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. जहाजांचे सांगाडे कंपनीने तिथेच कायमचे ठेवले आहेत.

पण नेटाने बसून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गोष्टच सांगायची असा हट्ट धरला तो ‘फायनल फँटसी चौदा’ने. आधी हा खेळ सपशेल आपटला होता. ३० सप्टेंबर २०१० ला आला आणि दोन-तीन महिन्यांतच कंपनीवर माफी मागायची वेळ आली. डिसेंबरात नाओकी योशिदा नावाच्या गृहस्थांकडे सूत्रं दिली गेली. त्यांनी खेळ नव्याने बांधायला घेतला आणि जुन्याला सन्मानाने निरोप द्यायचं ठरवलं. खेळाच्या आकाशात एक तांबडा चंद्र होता. तो हळूहळू मोठा दिसू लागला. महिन्यामागून महिने, लोक डुकरं मारता मारता वर बघायचे आणि तो अजून थोडा जवळ आलेला असायचा. ११ नोव्हेंबर २०१२ ला तो फुटला, आतून महानाग निघाला आणि जग जळून गेलं. सर्व्हर बंद. २७ ऑगस्ट २०१३ ला नवं जग उघडलं तेव्हा तिथली माणसं सांगत होती की पूर्वी काही वीर होऊन गेले, आम्हाला त्यांचे चेहरे आठवत नाहीत, उन्हाकडे पाहिल्यावर डोळे दिपावेत तसं होतं. जुने खेळाडू ते ऐकायचे आणि गप्प व्हायचे. नाटक पडलं तर आपण पडदा पाडतो. या लोकांनी आकाश पाडलं आणि त्याचीही गोष्ट केली.

तरी या गोष्टीची वाट सरळ नाही. सुरुवातीचं पुष्कळ लांबण निव्वळ घोटाळणं आहे. भूकंप घडवणाऱ्या टायटन नावाच्या दैत्याशी लढायचंय, जग धोक्यात आहे, आणि ज्या जुन्या योद्ध्यांकडे सल्ला मागायला जावं ते म्हणतात, आधी मेजवानी. मग जगाचा तारणहार वाइन शोधायला जातो, चीजवाल्याकडे खेपा घालतो, अंडी आणतो. भाची हे करत होती तेव्हा तिचा चेहरा साखरपुड्याच्या यादीतली खरेदी करणाऱ्या मुलीच्या मामासारखा झाला होता. तो चेहरा मी आरशात पाहिलेला आहे. “सोडून दे की,” मी म्हटलं. ती म्हणाली, “पुढे छान होते. सगळे सांगतात, शंभर तास दम धर.” शंभर तास! एवढ्या भरवशावर आमच्या पिढीने फक्त शास्त्रीय संगीत ऐकलं. २०२० साली कंपनीने यातल्या बऱ्याच खेपा कापल्या, पण तोवर भाचीच्या खेपा घालून झाल्या होत्या.

आणि पुढे छान झालं हेही खरं. इशगार्ड या बर्फाळ राज्यातला ऑर्शफाँ नावाचा एक हसरा सरदार असतो. सगळ्यांनी दारं लावून घेतलेली असताना तो आपल्याला आसरा देतो, आणि नंतर आपल्यावर आलेला वार ढालीवर झेलताना मरतो. त्याच्या नावाचा दगड टेकडीवर आहे. तिथे जाऊन काही मिळत नाही. गुण नाहीत, नाणी नाहीत. लोक जातात. पुढच्या एका भागाची मुख्य लेखिका नात्सुको इशिकावा. तिने २०१९ साली असा खलनायक उभा केला, की त्याला हरवल्यावर भाचीने हेडफोन काढून ठेवले आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आवरू लागली. त्याचं शेवटचं मागणं फक्त एवढंच होतं की आम्ही कधीकाळी होतो हे विसरू नकोस. डिसेंबर २०२१ मध्ये या कथेचा शेवट सांगणारा भाग आला तेव्हा सर्व्हरबाहेर इतक्या रांगा लागल्या, की कंपनीने काही काळ खेळाची विक्रीच थांबवली. गोष्ट संपवायला आलेल्यांच्या गर्दीमुळे दुकानाला कुलूप! चौकोनात टिचकी मारून मजकूर उरकणाऱ्यांचा हा वंश आहे, हे तेव्हा सांगूनही खरं वाटलं नसतं.

अर्थात ज्यांना थांबायचंच नाही त्यांचीही सोय आहे. याच खेळाच्या दुकानात अशी एक वस्तू मिळते, की पैसे मोजले की मागची गोष्ट पूर्ण झाल्याची नोंद होते आणि तुम्ही थेट ताज्या भागाच्या दाराशी पोचता. मला आपलं वाटून गेलं, विक्रमाला कुणी ही वस्तू देऊ केली असती तर? एका खेपेत प्रेत स्मशानात, राजा वेळेवर घरी. फक्त तिथे वाट पाहत बसलेला तो जोगडा राजाचाच बळी देणार होता, हे वेताळाने त्याला सगळ्या गोष्टी संपल्यावर सांगितलं. उरकून गेला असता तर मुंडकं गमावून बसला असता, आणि तेही वेळेच्या आधी.

भाचीच्या एका मैत्रिणीने ती वस्तू घेतली. सगळ्यांबरोबर शेवटच्या लढाईला हजर राहायचं होतं तिला. हजर झाली, आणि भोवतीचे सगळे का हेलावलेत, समोरचा कोण, हा आपल्याला नावाने का हाक मारतो, काही कळेना. मग तिने रात्री साडेदहाला भाचीला फोन लावला. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा पहाट व्हायला आली होती आणि फोन चालूच होता. भाची गॅलरीत पाय वर घेऊन बसली होती, हातवारे करून इशगार्ड, बर्फ, बंद दारं, सगळं सांगत होती, आणि स्पीकरवर पलीकडून दर वाक्याला ‘हं’ येत होता. ऑर्शफाँपाशी गाडी अडली.

“त्याला नको मारूस,” फोन म्हणाला.

“मी कुठे मारतेय? तसंच आहे ते. लिहिलेलंय.”

“आत्ता तू सांगतेयस ना? मग?”

सकाळी चहा गाळताना मी विचारलं, काय केलंस शेवटी. “जखमी केलं,” ती म्हणाली, “पण खूप जखमी.”